जमेल का, हे पोर्तुगीजमध्ये कसं विचारावं?

मराठी घरांतली मुलं पोर्तुगीज शिकतात ती बहुतेक इंग्रजीतून. ॲप इंग्रजी, पुस्तक इंग्रजी, शिकवणाऱ्याचे खुलासेही इंग्रजी. त्यामुळे डॉक्टरांची वेळ घ्यायची असली की वाक्य मराठीतून निघतं, इंग्रजीत थांबतं आणि मग पोर्तुगीजमध्ये उतरतं. वेळ मागण्याच्या, देण्याच्या आणि मोडण्याच्या बोलण्यात हा मधला मुक्काम नडतो, असं माझं ठाम मत आहे. त्या बोलण्याला लागणारं बहुतेक सगळं मराठीत आधीपासून आहे. याच्या उलट मतही मी ऐकलं आहे आणि ते कच्चं नाही. म्हणून दोन्ही मतं इथे दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत.

एक आजी. पणजीची, १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. घरात कोंकणी, लिहिणं-वाचणं मराठी. पणजीचं 'ओ हेराल्दु' हे दैनिक १९८३ पर्यंत पोर्तुगीजमध्ये निघत होतं, ते वाचत राहिल्यामुळे तिची भाषा गंजली नाही. दुसरा तिचा नातू. लिस्बनमध्ये नोकरी करतो, चवथीला घरी आला आहे. लिस्बनला जाऊ पाहणाऱ्या शेजारच्या मुलाला काय शिकवावं, यावरून दोघांचं सुरू झालं.

नातू: आजी, तुझं पोर्तुगीज बैठकीतलं. तिकडे वेळ मागायची असते ती खिडकीवर, फोनवर नाहीतर पोर्टलवर. त्याला चार शब्द पुरतात. डॉक्टरांची वेळ म्हणजे 'कोंसुल्ता'. कामाची बैठक म्हणजे 'रेउनियांव'. केस कापायचे असोत की सरकारी कागद करायचा असो, आधी घेतलेली वेळ म्हणजे 'मार्कासांव'. आणि मोकळी जागा म्हणजे 'वागा'. यांना वार, तारीख, तास जोडले की झालं.

आजी: आणि मागायचं कसं?

नातू: 'केरु मार्कार उमा कोंसुल्ता.' मला डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे.

आजी: केरु? समोरच्या बाईला असं थेट?

नातू: व्याकरण बरोबर आहे.

आजी: व्याकरण बरोबर आहे, पण कानाला बरं लागत नाही. 'केरिया' म्हणावं. तू इथे पणजीत दवाखान्यात फोन लावलास तर काय म्हणशील? 'डॉक्टरांची अपॉइंटमेंट हवी होती.' तुला ती आत्ता हवी असते, तरी तोंडातून 'होती' येतं. कोणी शिकवलं तुला ते? केरिया म्हणजे अगदी हेच.

नातू: त्यावरून तिकडचे वेटर चिडवतात माहीत आहे? 'केरिया उं काफॅ' म्हटलं की एखादा हमखास विचारतो, 'केरिया? मग आता नको?'

आजी: आमच्या वर्गात 'वही हवी होती' म्हटलं की मुलं हेच म्हणायची, 'होती ना, आता नको ना?' बघ, रीत इतकी सारखी की चिडवणंही तेच.

आजीचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. मागणी भूतकाळात ठेवली की ती एक पाऊल मागे सरकते आणि समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा मिळते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'गोश्तारिया' हे रूप शिकतो. तेही शुद्ध आणि सभ्य आहे, पण पोर्तुगालच्या दुकानात, दवाखान्यात, बेकरीत कानावर पडतं ते 'केरिया'. मराठी माणसाला ते शिकवावं लागू नये. 'हवं होतं' म्हणतोस ना, तसंच म्हण, एवढं सांगितलं तरी पुरे.

नातू: बरं, मागितली केरिया म्हणून. पुढे ती बाई जे बोलते ते कळायला नको?

आजी: चल, मी खिडकीवरची बाई. लाव फोन.

आणि तो फोन मग खरोखरच झाला, जेवणाच्या टेबलावर. पोर्तुगालमध्ये फोन उचलणारा घरी असला तर 'श्तो' म्हणतो, म्हणजे 'मी आहे'. आरोग्य केंद्र असलं तर आधी केंद्राचं नाव, मग 'बों दिया'. नातवाने केरिया म्हणून वेळ मागितली. आजीने विचारलं, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे का? पोर्तुगालच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत नोंदवलेल्या माणसाला 'कुटुंबाचा डॉक्टर' नेमून दिला जातो, निदान तसा नियम आहे, म्हणून हा प्रश्न आधी येतो. मग तिने सांगितलं, गुरुवारीच जागा आहे, सव्वादहाला, आणि शेवटी विचारलं, 'दा-ल्य झैतु?'

नातू: 'सिं, सिं.' हो, हो.

आजी: तिने 'दा?' विचारलं, तू 'दा' म्हण. 'पोद?' विचारलं तर 'पोस्सु'. 'तैं?' विचारलं तर 'तेन्यु'. जमेल का, जमेल. येता का, येतो. आहे का, आहे. प्रत्येक प्रश्नाला 'हो, हो' करणारा माणूस आपल्याकडे तरी कसा वाटतो? ऐकलंच नाही त्याने, असं वाटतं.

नातू: मान्य. आणि 'दा-ल्य झैतु' म्हणजे 'जमेल का' हेही मान्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शब्दाशब्दाने लावत बसलो होतो, काही देतेय का ही बाई म्हणून.

आजी: आणि जमत नसेल तर?

नातू: 'नांव पोस्सु.'

आजी: नुसतं नाही म्हणून थांबायचं नाही. 'गुरुवारी जमत नाही हो, दुपारनंतर काही नाही का?' असं विचार. नकाराच्या शेपटीला पुढची वाट बांधलेली असावी. आणि तिने सांगितलं, दुपारची वेळ पंधरा दिवसांनीच, तर म्हण, 'से ओवेर आल्गुमा देसिश्तेंसिया', कोणी वेळ सोडली तर मला कळवाल का? एवढं झालं की ती तुझं नाव कुठेतरी लिहून ठेवते.

नातू: ठेवते किंवा नाही ठेवत.

फोन संपला तेव्हा आजीने 'कों लिसेंसा' म्हटलं आणि मगच हात खाली केला. आज्ञा असावी, असं म्हणून फोन ठेवण्याची ही चाल पोर्तुगालमध्ये अजून आहे, विशेषतः औपचारिक बोलण्यात. नातवाने ती लिस्बनमध्येही ऐकलेली होती, म्हणून तो यावर काही बोलला नाही. तो वळला त्याच्या हक्काच्या मुद्द्याकडे.

नातू: आता माझं ऐक. गोड बोलण्याने वेळ चुकायची थांबत नाही. तिकडे नव्या मराठी माणसाची पहिली फजिती वारांवर होते. 'तेर्सा' ऐकलं की तो तिसरा दिवस समजून बुधवार धरतो. तेर्सा-फेइरा म्हणजे मंगळवार. दवाखान्याच्या दारावर नुसतं '२ री ते ६ वी' अशा अर्थाचं लिहिलेलं असतं, तेही त्याला कळत नाही.

आजी: आम्हाला शाळेत सांगायचे, ब्रागाच्या संत मार्टिनने देवतांच्या नावाचे वार मोडून आकड्यांचे वार आणले म्हणून.

सहाव्या शतकातला हा बिशप. वारांना जुन्या रोमन देवतांची नावं असू नयेत हा त्याचा आग्रह होता आणि पोर्तुगीजमधल्या आकडी वारांचं श्रेय परंपरा त्याला देते. शेजारच्या स्पॅनिशमध्ये मात्र ग्रह टिकले: सोमवारी चंद्र, मंगळवारी मंगळ, बुधवारी बुध, गुरुवारी गुरू, शुक्रवारी शुक्र. मराठी माणसाला स्पॅनिश वार पाठ करायला काहीच लागू नये, इतके ते जुळतात. पोर्तुगीजने ती ओळख पुसली.

आजी: पण मोजायला कुठून लागायचं ते तरी आपल्याला ठाऊक आहे. पंचांगात रविवार पहिला. मग सोमवार दुसरा, सेगुंदा. मंगळवार तिसरा, तेर्सा. बुधवार क्वार्ता, गुरुवार किंता, शुक्रवार सेश्ता. ज्याला सोमवारपासून आठवडा मोजायची सवय लागली त्याची फजिती होते. ती सवय ऑफिसने लावली, आपल्या घराने नव्हे.

नातू: ठीक. मग हे सांग. 'ना सेगुंदा' आणि 'आश सेगुंदाश', यांत तुझी मराठी काय मदत करते?

आजी: पहिला येत्या सोमवारी. दुसरा दर सोमवारी.

नातू: तुला येतं गं, पण मराठीत आपण दोन्हीला 'सोमवारी' म्हणून मोकळे होतो. 'मी सोमवारी मोकळा असतो' आणि 'मी सोमवारी मोकळा आहे', आपल्याकडे फरक क्रियापदात पडतो, वाराला काही होत नाही. तिकडे वारालाच शेपूट लागतं. आमच्याकडे एका मुलाने मुलाखतीत मोकळा वेळ सांगताना 'ना सेगुंदा' म्हटलं. समोरच्याने एकच सोमवार लिहून घेतला. त्याला सगळे सोमवार म्हणायचे होते.

आजी: हे खरं आहे. हे शिकवायलाच हवं.

नातू: अजून आहे. 'आ पार्तिर दाश त्रेश' म्हणजे तीनपासून पुढे. नवखा माणूस 'त्रेश' एवढंच ऐकतो आणि तीनला हजर होतो. दुरुस्तीवाला येतो सहाला, आणि तो चुकलेला नसतो. 'आतॅ आश सिंकु' म्हणजे पाचपर्यंत. 'पॅलाश त्रेश' म्हणजे तीनच्या सुमाराला. 'त्रेश एं पोंतु' म्हणजे तीनच्या ठोक्याला. तास सगळ्यांना येतात, आजी. तासाच्या आधीचा तो बारीक शब्द सुटतो आणि दिवस वाया जातो. म्हणून मी म्हणतो, आधी हे घोटून घ्यावं. आणि वेळ ठरली की वार, तारीख, तास तिन्ही परत म्हणून दाखवावेत: किंता-फेइरा, बारा तारीख, सव्वादहा. ठरलं की एक मेल टाकावी. 'वेन्यु पुर एश्त मैयु', म्हणजे आपल्या 'सविनय सादर' सारखी सुरुवात, आणि खाली ठरलेली वेळ लिहून.

या ठिकाणी माझं माप नातवाकडे झुकतं. मराठीचा आधार बोलण्याच्या रीतीला मिळतो, बारीक शब्दांना मिळत नाही. 'तीनला', 'तीनपर्यंत', 'तीननंतर' यांतले प्रत्यय आपण शब्दाच्या शेवटी ऐकतो. पोर्तुगीजमध्ये ते आधी येतात आणि लिस्बनच्या बोलीत स्वर गिळले जातात, त्यामुळे कान शेवटाकडे लावून बसलेल्या माणसाच्या हातून ते निसटतात. त्याला नुसता सराव हवा. पाव-पाऊण मात्र आपल्या बाजूने आहेत. 'देश ए उं क्वार्तु' म्हणजे दहा आणि पाव, सव्वादहा. 'ओंझ मेनुश उं क्वार्तु' म्हणजे अकराला पाव कमी, पावणेअकरा. 'दहा पंधरा' म्हणायची सवय लागलेल्या आपल्या मुलांना इथे आजीआजोबांचं घड्याळ कामाला येईल.

नातू: आणि तुझ्या केरियाचा जिथे काहीच उपयोग नाही ती जागा सांगतो. परदेशी माणसांच्या कागदांचं काम आधी 'सेफ' नावाच्या खात्याकडे होतं. ते २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस बंद झालं आणि 'आइमा' ही नवी संस्था आली. तिच्या वाट्याला लाखो तुंबलेले अर्ज आले. तिथली वेळ मिळणं हाच लोकांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न झाला. घरभाडं, नोकरी, आईला भेटायला जाणं, सगळं त्या एका तारखेवर अडलेलं. तिथे केरु म्हण की केरिया म्हण, वागा नाही म्हणजे नाही.

आजी: तिथे मी काय बोलू? माणूसच समोर नसेल तर रीत कोणाशी पाळायची?

नातू: तेच म्हणतोय.

आजी: पण तू सगळीकडे तीच खिडकी बघायला लागलास, पुता. शेजारीण, घरमालक, शाळेतली बाई, दातांचा डॉक्टर, ही माणसं समोर असतात. त्यांच्याशीही तू पोर्टलशी बोलावं तसं बोलतोस. मघाशी मला 'वोसे पोद?' म्हणून विचारलंस.

नातू: ॲपवर तसंच शिकवतात.

आजी: ते ब्राझीलचं. ब्राझीलमध्ये चालतं, तिथलं बोलणंच ते. पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्याला 'वोसे' म्हटलेलं आवडत नाही. 'आ सेन्योरा पोद?' म्हण. बाईंना जमेल का? डॉक्टर समोर बसलेले असतानाही आपण 'डॉक्टरांना कधी जमेल?' विचारतो ना, तसंच.

नातू: हे मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

मग बोलणं पंधरा दिवसांवर आलं. आजीने खिडकीवरची बाई होऊन 'दाकी आ किंझ दियश' म्हटलं होतं, पंधरा दिवसांनी. नातू लिस्बनमध्ये नवीन असताना अशी वेळ मिळाली की बोटांवर पंधरा मोजायचा आणि एक दिवस पुढे जायचा. पोर्तुगीजमधले पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, गुरुवारी सांगितलं तर पुन्हा गुरुवारच. आठवड्याला तसेच 'ओइतु दियश', आठ दिवस. इंग्रजीतून आलेला माणूस इथे हटकून चुकतो. मराठीत आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो आणि सातव्या दिवशी, त्याच वाराला जातो. सात दिवसांच्या मुदतीला आठवडा म्हणतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आजचा दिवस धरून मोजायची ही जुनी चाल दोन्हीकडे आहे. नातवाला हे समजावताना आजीला पुरावा शोधावा लागला नाही. सावंतवाडीहून दर आठ दिवसांनी येणाऱ्या भाजीवाल्या बाईचं तिने नाव घेतलं आणि तो थांबला.

आजी: आणि एक शिकव त्या मुलाला. 'क्वांदु पुदेर.' जमेल तेव्हा.

नातू: ते रूप अवघड आहे. वर्गात सगळे अडखळतात.

आजी: अवघड कसलं? 'जमेल तेव्हा या', यात आपण भविष्य वापरतोच. जमतं तेव्हा नव्हे, जमेल तेव्हा. जे अजून व्हायचं आहे त्याला त्यांनी वेगळं रूप ठेवलंय इतकंच. 'से देउश किझेर' यात तेच रूप, देवाच्या मनात असेल तर. आमच्या शेजारच्या बाई बुधवारी भेटायचं ठरवलं तरी शेवटी हे म्हणायच्याच.

स्पॅनिशच्या रोजच्या बोलण्यातून हे रूप गेलं. पोर्तुगीजमध्ये ते बाजारातही ऐकू येतं. व्याकरणाच्या पुस्तकात ते शेवटच्या धड्यांत येतं म्हणून विद्यार्थी घाबरतो. वेळ ठरवणाऱ्याला मात्र ते पहिल्या आठवड्यात लागतं: जमेल तेव्हा फोन करा, जागा झाली की कळवा, बाईंना हवं असेल तर मी आधी येतो. शिकवणाऱ्यांनी हा क्रम बदलावा असं मला मनापासून वाटतं.

नातू: मग आता माझा प्रश्न. आमच्या ऑफिसात रिओचा एक मित्र आहे. संध्याकाळी निघताना नेहमी म्हणतो, 'वामुस मार्कार!' ठरवू या की!

आजी: मग कधी ठरवलंत?

नातू: नाही ठरवलं. ते ठरवायचं नसतं. त्याचा अर्थ, तू मला आवडतोस, एवढाच.

आजी: मघापासून वार, तारीख, तास, वर मेल म्हणणारा तू, आणि आता ठरवायचं नसतं?

नातू: ते खिडकीवर. हा मित्र आहे. आपण नाही का म्हणत, 'या एकदा घरी'? लगेच कोण जातं?

आजी: मी म्हणते तेव्हा मला तो माणूस घरी आलेला हवा असतो.

नातू: वार विचारला तर त्याला अवघडल्यासारखं होईल, आजी. नाही म्हणायला जागा राहणार नाही.

आजी: मग जागा ठेवून विचार. एवढा वेळ आपण दुसरं काय बोलतोय? शुक्रवारी संध्याकाळी मोकळा असतोस ना?

नातू: असतो.

आजी: मग म्हण त्याला, शुक्रवारी जेवायला ये. 'दा-ल्य झैतु?'

नातू: ब्राझीलमध्ये असं म्हणत नाहीत.

आजी: काय म्हणतात?

नातू: 'दा प्रा वोसे?'

आजी: मग तसं विचार. पण आधी शुक्रवार म्हण.